दार आरशात नको, शब्दात ठेव

खानापूर

प्रिय पोरी,

तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं दोनदा वाचली. निपाणीतला दहा वर्षांचा मुलगा, त्याच्या मागे लागलेली सावली, आणि आरशातून तो पलीकडच्या जगात जातो ती रात्र. सावली जिना चढते तिथे पान उलटायला मीही घाबरले. पण आरसा खटकला. तो कुठल्याही गावच्या गोष्टीत चालतो. निपाणीच्या मुलाला आरसा कशाला हवा?

आपल्याकडे एकेका शब्दाला दोन घरं असतात. गावाकडे ‘बा’ म्हणजे बाप, आणि शेजारच्या कन्नड काकू ‘बा’ म्हणाल्या की तू त्यांच्या उंबऱ्यात शिरायचीस, कारण त्यांच्या भाषेत ‘बा’ म्हणजे ये. आपलं ‘मनी’ म्हणजे मनात. इथल्या कन्नड बोलीत ‘मनी’ म्हणजे घर. आणि ‘ताई’! आपली थोरली बहीण, पण कन्नडात ‘तायी’ म्हणजे आई. या शब्दापाशी मी कितीतरी वेळ थांबले. तुझा मुलगा पलीकडे पोचतो, बाजारात त्याला बहीण दिसते, तो ‘ताई’ म्हणून हाक मारतो. ती वळते, आणि त्या जगात ती त्याची आई असते. केस पिकायला लागलेले, मनगटावर मात्र भाजल्याची तीच खूण. आता त्याला परत यावंसं वाटेल का? हे मला तुझ्या सावलीपेक्षा जास्त भीतीचं वाटतं, आणि जास्त मायेचंही.

म्हणून दार शब्दात ठेव. दोन अर्थांचा शब्द ठरलेल्या जागी उच्चारला की माणूस पलीकडे, आणि पलीकडे त्या शब्दाचा दुसरा अर्थ खरा. जागा हव्यात तेवढ्या आहेत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. तिच्या छतातून दगडी कमळ खाली उमललंय, त्याच्याखाली त्याला उभं कर. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते आणि झुलता पूल पावलागणिक हलतो. पावसाळ्यात तिथे आपलाच शब्द आपल्याला ऐकू येत नाही. शब्द हेच दार असेल, तर सावली मागे असताना मुलगा त्या पुलावर पुरता अडकेल. पाठलाग तिथेच लिही.

एक कळकळीनं सांगते. अलीकडे मराठी आणि पलीकडे कन्नड, अशी वाटणी करू नकोस. १९५६ पासूनचा मोठ्या माणसांचा सीमावाद आहे तो, दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर देऊ नये. दोन्ही जगांत दोन्ही भाषा नांदू देत.

आणि ओलांडण्याची किंमत मोजायला लाव. पुराणातल्या रेवतीला घेऊन तिचे वडील तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेले, गाणं संपेपर्यंत थांबले, तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं सरली. मनात योजलेल्या वरांचे नातू-पणतूही उरले नव्हते. तुझा मुलगा मात्र रात्रभर भटकून येतो आणि त्याचं काहीच हरवत नाही. मी असते तर ज्या शब्दानं तो ओलांडला, तोच शब्द त्याच्या तोंडून काढून घेतला असता. पहाटे घरी येतो, बहीण दारात रडत उभी असते, आणि तिला काय म्हणून हाक मारायची हे त्याला आठवत नाही.

चौथं प्रकरण इथून सुरू करून बघ. झालं की लगेच पाठव, मी वाट बघते.

तुझ्या बाई