बालेकिल्ल्यातला ‘बाले’

प्रश्न असा आहे: राजगडाचा बालेकिल्ला माच्यांच्या, म्हणजे त्याच्या खालच्या तटबंद सपाट्यांच्या, मानाने लहान दिसतो, तेव्हा हा शब्द ‘बाळ-किल्ला’ वरून आला असेल का?

नाही, बाळाचा इथे काही संबंध नाही. ‘बाला’ हा फारसी शब्द. अर्थ वर, वरचा. ‘किल्ला’ मुळातला अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. दोन्ही मिळून गडाचा वरचा कोट. काबूलचा आणि गोवळकोंड्याचा बाला हिसार याच घराण्यातला. वऱ्हाडात खालचा सपाट मुलूख तो पाईनघाट, घाटावरचा तो बालाघाट. आणि ‘त्यानं बालाबाला सौदा उरकला’ म्हणतो तेव्हाही हाच बाला: आपल्या डोक्यावरून, आपल्याला पत्ता न लागू देता!

राजगडावर तर शब्दाचा अर्थ पायांनाच कळतो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या तीन बाजूंना पसरलेल्या, मधोमध कातळाचा उभा माथा. शेवटचा चढ अरुंद, अंगावर येणारा. हल्ली आधाराला रेलिंग आहे, तरी कातळाला हात लावल्याशिवाय कोणी चढत नाही. तो संपतो थेट महादरवाजात. आत चंद्रतळं, म्हणजे पाण्याची सोय. माची शत्रूच्या हाती गेली तरी वर शिबंदीला तग धरता यावा, अशी ही रचना.

पुरंदरावर १६६५ साली नेमकं तेच घडलं. जोडीचा वज्रगड एप्रिलमध्ये पडला. मग मोगल सरदार दिलेरखानाचं सैन्य माचीवर घुसलं, तिथल्या झुंजीत मुरारबाजी देशपांडे कामी आले. तरीही बालेकिल्ला लढत राहिला. तो मोगलांना मिळाला जूनमधल्या तहाने, ज्यात महाराजांनी २३ किल्ले दिले.

निवडणुकीच्या बातम्यांत अख्ख्या जिल्ह्याला ‘अमक्या पक्षाचा बालेकिल्ला’ म्हणतात, ते मला जरा सैल वाटतं. बाकी सगळं गेल्यावरही जी जागा हातची जात नाही, ती बालेकिल्ला. पहिल्या धक्क्याला जाते ती माची. पण हा वापर आता इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. फक्त ‘बाले किल्ला’ असा तोडून लिहू नका. शब्द जोडूनच आहे.