पगार जास्त दिला की फुटबॉल क्लब लीगमध्ये वर जातो का?

होय, जातो, मात्र एका हंगामात नव्हे, अनेक हंगामांच्या सरासरीत. खेळाडूंच्या पगारावर किती खर्च केला म्हणजे विजेतेपद नक्की मिळते, असे आपण विचारले आहे. अशी ठरावीक रक्कम नसते. पण याच प्रश्नावरून आमच्या घरात 2016 पासून वाद धुमसत असल्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या वर्षी लेस्टर सिटी या क्लबाने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधील फुटबॉलची सर्वोच्च लीग, जिंकली आणि माझ्या भाऊजींनी सर्वांसमोर जाहीर केले, "पैशाने काही होत नाही, जिद्द लागते." माझा पेशा हिशेबनिसाचा. क्लबांचे त्या हंगामाचे ताळेबंद प्रसिद्ध होईपर्यंत मी थांबलो आणि मग वहीच्या पानावर डावीकडे पगाराच्या उतरत्या क्रमाने वीस क्लब, उजवीकडे गुणतक्त्यातील क्रम लिहून पेन्सिलीने रेषा जोडल्या. सुमारे 8 कोटी पौंड पगार देणाऱ्या लेस्टरची रेषा खालून थेट माथ्यावर गेली, 22 कोटींच्या चेल्सीची दहाव्या स्थानावर घसरली, आणि लेस्टरपेक्षा जास्त पगार देणारी ॲस्टन व्हिला शेवटची आली. पान कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसू लागले. पुढच्या पानावर लीगमध्ये टिकून राहिलेल्या क्लबांची दहा हंगामांची सरासरी मांडली, तर बहुतेक रेषा आडव्या, म्हणजे पगाराचा क्रम आणि गुणतक्त्यातील क्रम जवळपास सारखाच. भाऊजींनी पहिल्याच पानाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला; पान उलटण्याची तसदी काही घेतली नाही.

मी पगारच का धरला? खेळाडू विकत घेताना मोजलेली रक्कम हा एका क्लबाचा एका दिवशीचा अंदाज असतो. पगार मात्र करार वाढवताना पुन्हा ठरतो, त्यामुळे खेळाडूची खरी किंमत त्यात अधिक नेमकी उतरते. पण एका हंगामावरून काही ठरत नाही. कोणी लेस्टरचे उदाहरण तोंडावर फेकले, तर त्याला पुढच्या हंगामाचे विचारावे: पगारखर्च 11 कोटींच्या पुढे गेला, संघ बारावा आला आणि ज्यांनी विजेतेपद मिळवून दिले त्या प्रशिक्षक रानिएरींना फेब्रुवारी 2017 मध्येच घरी बसवण्यात आले. भाऊजींना मी हे विचारले होते. त्यांनी विषय बदलला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ताळेबंदातील पगाराच्या आकड्यात कार्यालयीन कर्मचारी आणि यशाबद्दलचे बोनसही धरलेले असतात. शिवाय जिंकणाऱ्या क्लबाकडे पैसा येतो म्हणूनही तो जास्त पगार देतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे माझ्या वहीवरून सिद्ध होत नाही.

2023 मध्ये लेस्टर अठराव्या स्थानावर राहून खालच्या विभागात गेली, तेव्हा मी मोठ्या समाधानाने ती बातमी ग्रुपवर टाकली. त्या हंगामाचा त्यांचा पगारखर्च 20 कोटी पौंडांहून अधिक होता, हे पुढे ताळेबंदातून कळले. तो आकडा भाऊजींनी माझ्याआधी शोधला आणि माझ्याच बातमीखाली, एकही शब्द न लिहिता, चिकटवला.