शोपँच्या प्रील्यूडला ‘उदास’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : ‘फ्रेदेरिक शोपँचा ई मायनरमधला पियानो प्रील्यूड (ओपस २८, क्रमांक ४) ऐकून कोणी त्याला उदास म्हणतं, कोणी करुण, कोणी खिन्न. मला स्वतःला हुरहूर लागते. यातला बरोबर शब्द कोणता?’ (शोपँ हा पोलिश संगीतकार, आणि प्रील्यूड म्हणजे इथे पियानोवरची एक छोटीशी रचना.)

सगळ्यांच्या तोंडी आधी येतो तो ‘उदास’, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. ‘उद्’ आणि ‘आस्’, म्हणजे वेगळं, अलिप्त बसणं, यातून तो आला. तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’मध्ये दुःखाचा लवलेशही नाही, आसक्ती न ठेवता खर्च कर, एवढंच आहे. पुढे ती अलिप्तता ‘उदासीन’कडे राहिली (सरकारी उदासीनतेबद्दल आपण रोज वाचतो) आणि ‘उदास’ दुःखाकडे सरकला. तरी रस उडाल्याची, निर्जीवपणाची छटा त्याला अजून आहेच. रिकामं घर उदास असतं, पावसाळी दुपार उदास असते. हा प्रील्यूड मला तसा वाटत नाही. त्यातल्या माणसाचा जीव अजून कशात तरी अडकलेला आहे.

कशात, ते सुरांकडे पाहिलं की उमगतं. रचना जेमतेम २५ बारांची (बार म्हणजे तालाचा एक छोटा, ठरावीक मात्रांचा भाग), दोनेक मिनिटांत संपणारी. वेग लार्गो, म्हणजे अगदी संथ. ‘ई’ला षड्ज मानून ऐका. उजवा हात खालच्या पंचमावरून एकदम वरच्या पंचमावर येतो, तिथे रेंगाळतो, कोमल धैवताला जरासा शिवतो आणि परत पंचमावर. पुन्हा धैवत, पुन्हा पंचम. थोड्या वेळाने मध्यमावर उतरतो आणि तिथेही तेच, मध्यमावर थांबायचं, पंचमाला शिवून यायचं. पाश्चात्त्य संगीताचा गंध नसलेल्या माझ्या आईला मी हे एकदा ऐकवलं. ती म्हणाली, “कुणीतरी निघालंय, पण दारातच घुटमळतंय.” ‘घुटमळणं’! उजव्या हाताला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. आपण विशेषणं शोधत बसतो आणि मराठीचं खरं बळ अशा क्रियापदांत असतं.

डाव्या हाताला मात्र मी ‘विषण्ण’ म्हणेन. ‘वि’ आणि ‘सद्’, खाली बसणं, खचणं. गीतेच्या पहिल्या अध्यायातला ‘विषाद’ही त्याच धातूचा, आणि अर्जुन तिथे खरोखर रथात खाली बसतो. डाव्या हातातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एकाच चालीने वाजत राहतात आणि त्यांतला कधी हा सूर, कधी तो, अर्ध्या सुराने खाली सरकतो. सगळे एकदम उतरत नाहीत. समुद्रकिनारी लाट ओसरताना पायाखालची वाळू थोडी थोडी निघून जाते ना, तसं. वरचा पंचम जागेवरच असतो, पण तो ज्यावर उभा आहे ते खचत असतं. ‘खिन्न’ इथे चुकीचा नाही, पण तो चेहऱ्यावर दिसणारा शब्द आहे. हे घसरणं त्यात येत नाही.

‘करुण’ची गोष्ट वेगळी. रचना करुण असते, मी करुण होत नाही. मी व्याकूळ होतो, गलबलतो. ‘हे ऐकून मला करुण झालं’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे करुण म्हणणारे रचनेबद्दल बोलताहेत, हुरहूर म्हणणारे तुम्ही स्वतःबद्दल, आणि दोघांचं भांडण व्हायचं कारण नाही. शिवाय करुण रसाचा स्थायीभाव शोक. १८४९ साली पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीला हाच प्रील्यूड ऑर्गनवर वाजवला गेला होता.

खुद्द शोपँचा शब्द कोणता? त्याच्या सुरांतल्या भावनेला काय म्हणायचं, असं विचारल्यावर त्याने एक पोलिश शब्द सांगितला, असं त्याचा मित्र फ्रांझ लिस्टने त्याच्यावरच्या पुस्तकात नोंदवलं आहे. उच्चार साधारण ‘झाल’. त्यात दुःख आहे, खंत आहे, आणि कुणाबद्दल मनात धरलेली अढीसुद्धा. हळव्या शरणागतीपासून कडवटपणापर्यंत त्याचा पल्ला जातो, असं लिस्ट सांगतो. १८३० साली पोलंड सोडलेला शोपँ पुन्हा कधी परतला नाही, हे लक्षात घेतलं तर हा शब्द जड होतो.

मराठीत याला मी ‘सल’ सुचवतो. ‘शल्य’ म्हणजे रुतलेलं टोक, त्यातून तो आला. सल दुःखाचा असतो तसा अपमानाचाही असतो, आणि तो बुजत नाही. ‘खंत’मध्ये बोट स्वतःकडे असतं, ‘सल’मध्ये ते दुसऱ्याकडेही वळू शकतं. प्रील्यूडच्या सोळाव्या-सतराव्या बारला आवाज अचानक चढतो, चाल घाईला येते आणि इतका वेळ दाबून धरलेली तक्रार बाहेर पडते. तिथे ‘उदास’ पुरत नाही, ‘विषण्ण’ही पुरत नाही. सल पुरतो.

आता तुमची हुरहूर. हा शब्द पुढे पाहणारा आहे. काय होणार, कोण येणार, याची धाकधूक त्यात असते. सबंध रचनेला मी तो लावणार नाही. पण शेवटी सूर विझत जातात, एका अनोळखीशा कॉर्डवर सगळं थांबतं आणि लांब शांतता येते. पुढचे तीन मंद कॉर्ड अजून वाजायचे असतात. त्या शांततेत जे होतं, ती हुरहूर.