खाडीत कयाक नेताना भरतीचा तक्ता आधी

प्रश्न : उजनीच्या पाण्यात कयाक चालवायचा सराव आहे. डिसेंबरात आम्ही काही मित्र देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत जायचं म्हणतोय. मार्ग कसा निवडावा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : उजनीत वारा असतो, भरती-ओहोटी नसते, फरक तिथेच पडतो. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणून तक्ता बघूनच तारीख ठरवा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ कमी. खाडी समुद्राला मिळते त्या मुखापासून किमान दीड किलोमीटर आतल्या जागेवरून, सकाळी भरती चढत असताना नदीच्या वरच्या अंगाला निघा. पाणी थांबलं की वळा, ओहोटी परत आणते. पण निघालात त्या जागेच्या पुढे वाहत जाऊ नका. बाहेर जाणारी ओहोटी आणि समोरून येणारा दुपारचा वारा मुखाशी भिडले की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि कयाक उलटते.

पहिल्या दिवशी जाऊन-येऊन सहा किलोमीटर पुष्कळ झाले. कांदळवनातले अरुंद फाटे मोहात पाडतात. तिथे भरतीतच शिरा. पाणी उतरलं की कयाक चिखलात रुतते, उतरून ढकलायला जावं तर कालवांच्या शिंपा पाय कापतात. जुने बूट घाला, चप्पल चिखलातच राहते. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून, शिटी त्यालाच बांधून ठेवा.