ओपनबीएसडी: नेट नसताना एएमडी ग्राफिक्सचे फर्मवेअर कसे बसवावे

ओपनबीएसडी ही संगणक-प्रणाली बसवल्यावर पडदा कमी रिझोल्यूशनवर अडकला आहे, बूटच्या संदेशांत एएमडीजीपीयू या ग्राफिक्स ड्रायव्हरला फर्मवेअर (चिपमध्ये भरायचे सॉफ्टवेअर) सापडत नसल्याची तक्रार दिसते आणि वायफायलाही फर्मवेअर हवे असल्यामुळे नेट नाही. अशा वेळी त्याच संगणकावरच्या लिनक्सच्या विभाजनातून (पार्टिशनमधून) फाइली उचलून आणाव्यात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आणू नयेत.

या फर्मवेअरची तपासणी दोन ठिकाणी होते. निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी चिपमधला सुरक्षा प्रोसेसर पाहतो, तर ओपनबीएसडी प्रकल्पाची स्वाक्षरी एफडब्ल्यू_अपडेट ही फर्मवेअर आणून बसवणारी आज्ञा पाहते. लिनक्सवरून आणलेली फाइल पहिल्या तपासणीतून सुटेलही. पण दुसरी टळते, पॅकेजांच्या नोंदीत ती येत नाही आणि पुढच्या अपग्रेडच्या वेळी तिच्याकडे कोणी पाहत नाही. शिवाय अनेक लिनक्स वितरणांत या फाइली संकुचित स्वरूपात ठेवलेल्या असतात, त्या ड्रायव्हरला तशाच चालत नाहीत.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट संगणकाला देणे) चालू करणे. पुष्कळ फोन यूआरएनडीआयएस शून्य या नावाने दिसतात. त्या नेटवर्क इंटरफेसला आयएफकॉन्फिग या आज्ञेने स्वयंचलित पत्ता मिळू द्यावा आणि रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून एफडब्ल्यू_अपडेट चालवावे. ते हार्डवेअर ओळखून ग्राफिक्स आणि वायफाय दोन्हींचे फर्मवेअर आणते.

फोन चालला नाही, तर दुसऱ्या संगणकावरून प्रकल्पाच्या फर्मवेअर सर्व्हरवर जाऊन आपल्याच आवृत्तीच्या निर्देशिकेतून एएमडीजीपीयूचे पॅकेज आणि त्यासोबतची एसएचए२५६ची स्वाक्षरी-फाइल, अशा दोन्ही पेनड्राइव्हवर घ्याव्यात. पेनड्राइव्ह माउंट करून एफडब्ल्यू_अपडेटला 'पी' या पर्यायाने ती निर्देशिका दाखवावी. स्वाक्षरी-फाइल विसरणे ही नेहमीची चूक आहे, कारण पॅकेज पडताळण्याची बेरीज (चेकसम) तिच्यातच असते.

स्वाक्षरी जुळली नाही, तर तपासणी टाळण्याची युक्ती शोधू नये. ही तपासणी करणारे सिग्निफाय हे साधन २०१४ साली ५.५ आवृत्तीपासून प्रणालीत आहे. प्रत्येक आवृत्तीची फर्मवेअरची सार्वजनिक किल्ली वेगळी असते आणि ती इटीसीखालच्या सिग्निफाय निर्देशिकेत आधीच असते. त्यामुळे न जुळण्यामागे बहुधा चुकीच्या आवृत्तीची निर्देशिका, स्नॅपशॉटची (विकास चालू असलेल्या आवृत्तीची) सरमिसळ किंवा अर्धवट उतरलेली फाइल असते. सर्व्हर साध्या एचटीटीपीवर असल्याचे पाहून काहींना धाकधूक वाटते. परंतु येथे भरवसा वाटेवर नसून स्वाक्षरीवर आहे.

ड्रायव्हर मूळ विभाजन माउंट झाल्यावर बूटच्या वेळीच फर्मवेअर वाचतो, म्हणून नंतर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. त्यानंतर पडदा काळाच पडला, तर बूट प्रॉम्प्टवर 'बूट' पुढे वजा सी देऊन उघडणाऱ्या कर्नल-जुळणीत एएमडीजीपीयू डिसेबल करावे, प्रणाली सुरू झाल्यावर लॉगिन करावे आणि आधीच्या बूटचे संदेश व्हार-लॉगमधल्या मेसेजेस फाइलमधून काढून पूर्ण येथे द्यावेत.