स्नायूला ताण दे, शिरेला नको

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. बसलं की वीस मिनिटांत डाव्या पुठ्ठ्यात खोलवर कळ सुरू होते, ती मांडीच्या मागून पोटरीकडे उतरते आणि चार पावलं चाललं की सैल पडते, असं तू लिहिलंस. त्यापुढचं वाक्य मला जास्त खटकलं. पाऊल झिणझिणेपर्यंत रोज दोनदा पाय ताणूनही फरक नाही, म्हणून आता जोर वाढवायचा विचार आहे, असं तू म्हणतोयस. तो विचार आधी सोड.

मीही हेच केलं होतं. पाय भिंतीला लावून दात-ओठ खाऊन ताणायचो, झिणझिण्या आल्या की व्यायाम 'लागला' असं वाटायचं. दोन महिन्यांनी मला जेवायलाही उभं राहावं लागत होतं. आत काय चाललंय हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, म्हणून तुला सांगतो.

पुठ्ठ्यात खोलवर असतो तो पिरिफॉर्मिस, पेर या फळासारखा दिसणारा छोटा स्नायू. माकडहाडाच्या वरचं जे रुंद हाड, त्याच्या आतल्या बाजूने निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. सायटिक नर्व्ह, म्हणजे शरीरातली सगळ्यात जाड शीर, बहुतेकांमध्ये त्याच्या खालून जाते, तर काहींमध्ये थेट त्याच्यातून. स्नायू आखडला, सुजला की शीर चिडते. 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम' हे नाव रॉबिन्सन या डॉक्टरांनी 1947 मध्ये वापरलं, पण तो आहेच असं ठामपणे सांगणारी एकही तपासणी आजवर नाही. कंबरेतली गादी सरकली की कळ साधारण याच वाटेने उतरते, त्यामुळे आधी मणक्याचं कारण बाजूला काढावं लागतं. खोकताना, शिंकताना कळ पायात जात असेल किंवा कंबरच जास्त दुखत असेल, तर संशय मणक्यावर जातो. मात्र एमआरआयमध्ये गादी थोडी पुढे आलेली दिसली म्हणून लगेच घाबरू नकोस. काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही ती तशीच दिसते.

आता मुख्य मुद्दा. स्नायूला ताण मानवतो, चिडलेल्या शिरेला मानवत नाही. तिला हवी असते हलकी हालचाल. उताणं झोप, दुखऱ्या बाजूचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेव आणि त्या दुसऱ्या पायाची मांडी छातीकडे ओढ. वीस-तीस सेकंद, तीनदा. ओढ पुठ्ठ्यातच जाणवली पाहिजे. पावलात मुंग्या आल्या, तर तू शीर ओढतोयस, लगेच सैल सोड. शिरेसाठी खुर्चीत बस. गुडघा सरळ करताना मान वर, वाकवताना मान खाली, असं हळूहळू दहा वेळा, कळ न आणता. कळ थोडी शांत झाली की कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं सुरू कर. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की त्यांचा भार या छोट्या स्नायूवर पडतो, असं मला उपचारात वारंवार दिसलंय. चेंडूवर बसून ती जागा दाबणं मात्र जपून, कारण खाली शीरच आहे.

मागच्या खिशातलं पाकीट काढ. पायावर पाय टाकून बसू नकोस. अर्ध्या तासाने उठायचंच.

हे सगळं फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून कर. काही आठवड्यांत उतार पडला नाही, तर सोनोग्राफीत बघून स्नायूत इंजेक्शन देतात. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. पण पाऊल उचलेनासं झालं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळात जा.

पुढच्या पत्रात 'दुखतंय' एवढंच लिहू नकोस. रोज किती मिनिटं बसता आलं, तो आकडा तारखेसह लिही. वीसचे पंचवीस झाले, तरी मला कळव.

तुझा,
दादा