बाईकचं इंजिन गो-कार्टला बसवताना

प्रश्न : माझ्याकडे १५० सीसीची, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरची बाईक आहे. अपघातात तिची चासी वाकली, इंजिन मात्र ठणठणीत आहे. ते मातीत चालवायच्या गो-कार्टला, म्हणजे छोट्या उघड्या चारचाकी गाडीला, बसवायचं आहे. टायर २० इंची आहेत. बाईकचीच स्प्रॉकेटं (चेनची दातेरी चाकं), पुढचं १४ आणि मागचं ४२ दातांचं, चालतील का? इंजिन उलटं बसवलं तर सायलेन्सरला जागा होते, तसं करू का? आणि रिव्हर्सचं काय?

उत्तर : आधी उलट्या इंजिनाचं. तसं मुळीच करू नका, कारण मग चाकं मागे फिरतील आणि पाचही गिअर रिव्हर्सचे होतील. इंजिन बाईकवर होतं तसंच, तोंड पुढे आणि सिलिंडरचा कल तोच ठेवून बसवा. कल बदलला की कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी बिघडते. सायलेन्सरसाठी पाईप वळवून घ्या.

आता स्प्रॉकेट. तुमच्या इंजिनाचं प्रायमरी रिडक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये फेऱ्या जितक्या पटीने कमी होतात ते) ३.३५, पहिला गिअर २.९ आणि पाचवा ०.९२ धरतो, मॅन्युअलमधले आकडे घालून हिशेब पुन्हा करा. १४-४२ वर ८,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) पाचव्या गिअरमध्ये ताशी ८३ किलोमीटर वेग येतो. मातीत तो कामाचा नाही. त्रास खालच्या टोकाला आहे : ताशी ५ किलोमीटरने खड्ड्यातून बाहेर येताना पहिल्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम १,५०० आरपीएमवर असेल. मग तुम्ही अर्धा क्लच दाबून गाडी ओढणार आणि क्लचप्लेटा जळणार. मागे ५६ दातांचं लावा. पाचव्यात ६२ मिळतील, पहिला गिअर २० च्या आत संपेल आणि चढावर गाडी क्लच न घासता चढेल. मात्र ४२८ मापाच्या चेनला ५६ दातांचं स्प्रॉकेट सुमारे २३ सेंटीमीटर व्यासाचं होतं. दगडाला ते आधी लागेल, म्हणून खाली जाड पत्र्याची ढाल हवीच.

हे सगळं गणिताने सुटतं. मला खरी काळजी ऑइलची आहे, कारण माझं पहिलं इंजिन त्याच पायी गेलं. बाईक वळणात झुकते, म्हणून ऑइल तळाशीच राहतं. गो-कार्ट झुकत नाही. लांब वळणात ऑइल बाहेरच्या भिंतीला चढतं, ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. मी मोकळ्या मैदानात एकाच बाजूला गोल फिरत होतो. ऑइल मापात होतं, गळती कुठेच नव्हती, तरी दुपारपर्यंत खालून ठोके यायला लागले. उघडलं तर कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग उष्णतेने निळं पडलेलं. तेव्हापासून मी इंजिन बसवण्याआधी केसिंग उघडून जाळीभोवती पत्र्याचे आडवे कप्पे करतो, ऑइल वरच्या खुणेलाच ठेवतो आणि एकाच दिशेने सलग फिरत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. बाईकवर फिन्सना, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांना, समोरून वारा मिळतो. इथे सीट आणि तुमची पाठ तो अडवतात, वेगही कमी असतो. सिलिंडरभोवती पत्र्याचं आवरण करून १२ व्होल्टचा पंखा बसवा. पंखा इग्निशनच्या चावीवर नको, वेगळ्या स्विचवर हवा, म्हणजे गाडी थांबवल्यावरही तो फिरवत ठेवता येईल.

तिसरी, टाकी. बाईकवर ती इंजिनाच्या वर असते आणि पेट्रोल आपोआप उतरतं. तुम्ही ती सीटखाली ठेवलीत तर कार्ब्युरेटर उपाशी राहील. एक तर टाकी उंचावर, सायलेन्सरपासून दूर, मध्ये पत्र्याची भिंत घालून बसवा. नाही तर इनटेकच्या (इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीच्या) व्हॅक्यूमवर चालणारा छोटा पंप लावा. मी उंचावरची टाकीच निवडतो, एक भाग कमी म्हणजे बिघाडाची एक जागा कमी.

रिव्हर्ससाठी वेगळा गिअरबॉक्स या ताकदीला जड होतो. गाडी इतकी हलकी ठेवा की उतरून मागे ढकलता येईल. क्लच डाव्या पायाला देताना पेडलखाली अडथळा जरूर वेल्ड करा. हाताच्या लिव्हरसाठी बनलेली केबल पायाच्या जोराने तुटते. अॅक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा, हाताशी किल स्विच (इंजिन झटकन बंद करणारं बटण) आणि चेनवर पूर्ण झाकण, हे झाल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

पहिली फेरी मागची चाकं जमिनीपासून उचलून घ्या. नंतर अर्धा तास गाडी चालवली की ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. थोडी करडी पूड चालेल. चमकणारे कण दिसले तर तिथेच थांबून केसिंग उघडा.